अडीच फुटांची पट्टी

कुठल्याही नव्या कामाचा कागद टेबलावर आला की सर पहिली रेघ इमारतीची ओढत नसत. आधी मोकळी जमीन काढायचे. तपकिरी रंगाची एक जाड पेन्सिल होती. तिने जमिनीचा आकार काढायचा, तो गिरवून भरायचा, कागद उलटासुलटा फिरवून बघायचा आणि मग पुन्हा खोडायचा. दोन-दोन दिवस कागदावर नुसता तपकिरी डाग. बिल्डरचा माणूस येऊन विचारायचा, "सर, घरं कुठेत?"

"येतील की," सर म्हणायचे. "घरं कुठेही उभी राहतात. जमिनीला सरकता येत नाही."

त्या माणसाला घाम फुटायचा. मलाही फुटायचा, कारण त्या डागाच्या कडेकडेने घरं बसवायचं काम माझं असायचं. बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरवर मी बसलेली, आणि आतून हाक यायची, "ए लालबाग, इकडे ये." माझं नाव त्यांना ठाऊक होतं, पगाराच्या पाकिटावर ते स्वतः लिहायचे. पण तोंडाने कायम लालबाग. चिंचपोकळीहून येणारा आमचा शिपाई चिंचपोकळी, आणि वडाळ्याची टायपिस्ट वडाळा. ऑफिस गिरगावात आणि हाकांमध्ये अर्धी मुंबई.

सरांना जाऊन आता दोन वर्षं झाली. त्यांच्यावर काही लिही असं मला कुणी सांगितलेलं नाही. मलाच चैन पडत नाही म्हणून लिहायला घेतलं, आणि घेतल्यापासून तीनदा उठून गॅलरीत जाऊन आले. सांगायचं एकच आहे, पण ते एकदम तोंडावर येत नाही. आधी सर कसे होते ते सांगते.

'उरलेली' हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. पहिल्याच महिन्यात मी म्हणाले, "सर, दोन बिल्डिंगा बसल्या, आता उरलेली जागा मागे दाखवते." त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. "उरलेली भाजी असते. उरलेलं कापड असतं. जमीन राखलेली असते. वाक्य परत बोल." मी बोलले. त्यांचं समाधान झालं नाही. म्हणाले, "मोठ्याने." शिपाई दारात उभा राहून हसत होता. माझं डोकं असं फिरलं होतं की दुपारी डबा न खाताच बसले. पण खरी गोष्ट सांगायची तर त्यानंतर कुठल्याही इमारतीच्या मागे कचऱ्याचे डबे आणि जनरेटर ठेवलेला तो चिंचोळा तुकडा दिसला, की माझ्या तोंडात आपोआप शब्द यायचा, उरलेली. आणि त्यांना काय म्हणायचं होतं ते कळायचं.

आमच्या धंद्यात 'मदर अर्थ' असा एक शब्द आहे. नकाशावर लिहावा लागतो. ज्या मोकळ्या जागेखाली काही बांधलेलं नाही, तळघर नाही, गाड्या नाहीत, थेट पाताळापर्यंत माती आहे, ती मदर अर्थ. बाकीची बाग स्लॅबवरची. आजकाल सगळे टॉवर असेच असतात: खाली गाड्यांचे चार-पाच मजले, त्यांच्या डोक्यावर मोठी गच्ची, गच्चीवर माती पसरून हिरवळ. त्या गच्चीला पोडियम म्हणतात. सरांना दोन्ही शब्दांचा राग होता. "आई म्हणायचं, आणि तिच्या अंगावर गाड्या लावायच्या," असं पुटपुटत ते नकाशावर सही करायचे.

मग ती छत्री. बारा महिने हातात. लांब, काळी, खाली लोखंडी टोक असलेली. ऊन-पावसाशी तिचा संबंध नव्हता. कुठेही गेले की हिरवळीत टोक खुपसून बघायचे, किती आत जातं. एकदा करी रोडच्या एका नव्या टॉवरच्या उद्घाटनाला आम्हाला बोलावणं होतं. पोडियमवर मांडव, खुर्च्या, गुलाबपाण्याचा फवारा. बिल्डर भाषणात म्हणत होता की आम्ही इथे जंगल उभं करणार आहोत. सर मागच्या रांगेतून उठले, कडेच्या कडुनिंबाच्या रोपापाशी गेले आणि छत्री खुपसली. ठक. सगळ्यांना ऐकू गेलं. "एक वीत," सर म्हणाले. ओरडले नाहीत, पण त्यांचा आवाजच तसा होता. "एका वितीत कडुनिंब पाय कुठे पसरणार?" दोन सिक्युरिटीवाले आले आणि त्यांना अदबीने लिफ्टपर्यंत घेऊन गेले. मी मागून दोघांच्या भेटवस्तूंच्या पिशव्या घेऊन. लाजेने मेले होते मी. लिफ्टमध्ये ते मला म्हणाले, "पिशवीत काय आहे बघ." रोप होतं. तुळशीचं, प्लास्टिकच्या कुंडीत. ते त्यांनी सिक्युरिटीवाल्याला दिलं आणि त्याचं गाव विचारत बसले.

असा माणूस. कामं किती टिकणार? टिकायची नाहीत. मोठमोठे बिल्डर यायचे, कारण सरांनी तरुणपणी दादर-माटुंग्याकडे केलेल्या दोन वसाहती अजून लोक बघायला जातात. यायचे आणि तिसऱ्या मीटिंगला नाहीसे व्हायचे. सरांना त्याचं काही नसायचं, काळजी आम्हाला. ते खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारत बोलायचे, खिडकीशी जायचे, परत यायचे, माझ्या मागे उभे राहून स्क्रीनला बोट लावायचे. माझ्या स्क्रीनवर कायम त्यांच्या बोटांचे तपकिरी ठसे.

एकदा मी एका वसाहतीचा नकाशा पूर्ण केला. मधोमध मोठं मैदान. क्षेत्रफळाचा तक्ता, तारीख, सहीची चौकट असं सगळं कागदावर कुठेतरी बसवायचं असतं. मी जिथे कोरं दिसलं तिथे बसवलं, म्हणजे मैदानात. आमच्या धंद्यात हे शंभरातले नव्वद जण करतात, कुणाला त्यात वावगं वाटत नाही. सरांनी प्रिंट हातात घेतली आणि म्हणाले, "तक्ता उचल. मुलं खेळतायत तिथे."

मला वाटलं चेष्टा करतायत. चेहरा बघितला तर चेष्टा नव्हती. मी कागद चार इंच रुंद केला आणि तक्ता बाहेर काढला.

आता आमच्या चाळीचं सांगते, कारण सगळं तिथेच अडकलंय. लालबागला आमच्या चार चाळी चौकोनात उभ्या, मध्ये मैदान. आमच्या दोन चाळींत कोकणातले, मालवण-सावंतवाडीकडचे. तिसरीत मिश्र वस्ती, आणि चौथीत बौद्ध मंडळी. मैदान सगळ्यांचं. गणपतीचा मांडव तिथेच, जयंतीचं स्टेजही तिथेच, आणि मधल्या काळात क्रिकेट. वडील मिलमध्ये होते, मिल गेली, मग तेही गेले. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही पाच जण: भाऊ, वहिनी, त्यांचा मुलगा, मी आणि आई. खोली आईच्या नावावर.

चाळींच्या पुनर्विकासाचं ठरलं तेव्हा आमच्या सेक्रेटरीकाकांनी मला विचारलं, तुझे सर घेतील का? मी सरांना विचारलं. सर म्हणाले, "आधी मैदानाचं वेळापत्रक आण."

"मैदानाचं?"

"कोण कधी येतं. पहाटेपासून दिवे लागेपर्यंत. सात दिवस."

मी तिथे जन्मलेली. मला काय लिहायचं होतं? सगळं पाठ. तरी सुट्टी घेऊन ओट्यावर वही धरून बसले, आणि दुसऱ्याच दिवशी माझी बोलती बंद झाली. दुपारी अडीच वाजता तिसऱ्या चाळीतली एक काकू रोज पिंपळाच्या सावलीत येऊन बसते, कारण तिचा मुलगा रात्रपाळीहून येऊन झोपलेला असतो आणि सुनेला लोकरीच्या ऑर्डरी विणायला खोलीत जागा लागते. मी तिला वीस वर्षं तिथे बघत होते, पण ती का बसते ते मला ठाऊक नव्हतं. साडेचारला पापड-कुरडया उचलायच्या, तेव्हा चारही चाळींतल्या बायका पंधरा मिनिटं एकत्र असतात, आणि चाळीचे निम्मे निर्णय त्या पंधरा मिनिटांत होतात. नुकतं लग्न झालेली दोन जोडपी जेवणं झाल्यावर मैदानाला फेऱ्या मारतात, कारण खोलीत बोलायची सोय नाही. हे सगळं मी वहीत लिहून नेलं. सरांनी वही उभ्या उभ्या वाचली, दोनदा वाचली. "हे घर आहे," म्हणाले. "खोल्या म्हणजे नुसती झोपायची जागा." काम घेतलं.

मला त्या क्षणी काय अभिमान वाटला म्हणून सांगू. आमचं मैदान, आमच्या सरांच्या टेबलावर, तपकिरी पेन्सिलने भरलेलं.

सरांचा आराखडा असा होता: चार उंच बारीक इमारती, जुन्या चाळींच्या जागेवर, कडेला. गाड्या मागच्या रस्त्याच्या बाजूला यंत्राने एकावर एक चढवायच्या. मधल्या मैदानाला हात लावायचा नाही, वरून नाही आणि खालूनही नाही. पिंपळ जिथे आहे तिथे. बिल्डरचा आराखडा दुसरा. मैदान पोडियमखाली घ्यायचं. तिथे गाड्या बसल्या की विकायची घरं वाढतात, आणि त्या वाढीतून तो प्रत्येक जुन्या कुटुंबाला ठरल्या घराहून थोडी जास्त जागा द्यायला तयार होता. किती जास्त? अडीच फूट रुंद आणि दहा फूट लांब. घराच्या एका भिंतीला लागून एक पट्टी.

चाळीत दोन तट पडले. नळावर, जिन्यात, सगळीकडे तेच. पट्टी की मैदान. सेक्रेटरीकाका म्हणाले, मतदान घेऊ, चिठ्ठ्या टाकू, एका खोलीला एक मत.

तेव्हा सरांना ती कल्पना सुचली, आणि अशी कल्पना त्यांनाच सुचू शकते. एका रविवारी सकाळी ते कबड्डीचं मैदान आखतात तसला चुना घेऊन आले, दोन पोती. सोबत मी, शिपाई आणि दोरी. आम्ही सहा वाजल्यापासून मैदानावर पट्ट्या आखत होतो. प्रत्येक कुटुंबाची एक, अडीच बाय दहाची, आणि आत चुन्याने आडनाव आणि खोली नंबर. दहा वाजेपर्यंत मैदान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पट्ट्यांनी भरलं. पिंपळाच्या पारावरसुद्धा दोन कुटुंबं आली. चारही चाळी गॅलऱ्यांत उभ्या.

सर पारावर चढले. "मंडळी," म्हणाले, "ही तुमच्या मैदानाची वाटणी. आज हे अख्खं प्रत्येकाचं आहे. उद्या प्रत्येकाने आपापली पट्टी उचलायची, घरी न्यायची आणि तिच्यात एक कपाट ठेवायचं. मैदान संपलं. बघा, पटतंय का."

मला गलबलून आलं. खरंच सांगते, मला वाटलं जिंकलो.

मग लोक खाली उतरले. आपापलं आडनाव शोधायला लागले. "ही आमची." "अरे, आमची नळाजवळ आली." कुणी पट्टीत उभं राहिलं, कुणी पावलांनी मोजलं, कुणी टेप आणली. दोन भावांचं कुणाची पट्टी कुणाला लागून यावरून वाजलं. वहिनी आमच्या पट्टीत उभी राहून हात पसरून म्हणाली, "शिलाई मशीन मावतंय की." कुणीतरी घरातून खरंच गादी आणून टाकून बघितली. ज्यांना जन्मात दहा बाय बाराच्या पलीकडे जागा मिळाली नव्हती, त्यांना सरांनी जमिनीवर आखून, नाव घालून, हातात जागा दिली होती. मैदान किती मोठं आहे ते कुणी बघितलंच नाही. सगळे आपली पट्टी बघत होते. सरांच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं, आणि मी तर तिथली.

माझी आई आली. पदर खोचला, आमच्या पट्टीत बसली आणि सरळ आडवी झाली. पाय लांब केले. पोरं हसली. आई आभाळाकडे बघत म्हणाली, "हंय माजो पलंग ऱ्हवतलो."

सर पारावरून खाली आले होते. माझ्या शेजारी उभं राहून आईकडे बघत होते. "आई घरात कुठे झोपते?" त्यांनी विचारलं.

"मोरीच्या उंबऱ्याशी," मी म्हणाले. "रात्री उठणाऱ्याचे पाय लागतात."

त्यांच्याकडे मी तेव्हा सहा वर्षं काम करत होते. त्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि मी कधी सांगितलं नव्हतं. ते दोरी गुंडाळायला लागले, आणि त्यांना ती नीट गुंडाळता येईना.

पुढचे तीन आठवडे माणूस थाऱ्यावर नव्हता. पट्टी पण द्यायची आणि मैदान पण ठेवायचं, असं काहीतरी काढायचं होतं. सकाळी मी यायच्या आधी ते आलेले असायचे, टेबलावर नव्या कागदांचा ढीग. जिने बारीक केले, लॉबी काढून टाकली, मजले चढवले. बिल्डरच्या ऑफिसात जाऊन म्हणाले, क्लबहाऊस आणि पोहण्याचा तलाव काढा, त्यातून या लोकांच्या पट्ट्या निघतात. बिल्डरच्या माणसाने हसून उत्तर दिलं, "सर, तलाव नसेल तर वरचे फ्लॅट घेणार कोण?" परत येताना टॅक्सीत सर म्हणाले, "पलंगाची लांबी सहा फूट. सहा फूट मला सापडत नाहीत." मी खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्याकडे बघायचा धीर नव्हता, कारण माझं तोवर ठरत आलं होतं.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी आई तांदूळ निवडत होती. चिठ्ठी तिच्या पुढ्यात. "काय लिवू गो?" तिने विचारलं.

मैदानाचं वेळापत्रक मी लिहिलं होतं. पट्ट्या मी आखल्या होत्या. ऑफिसात सकाळी सरांना मी सांगितलं होतं, आमच्या चाळीतली मतं तुमचीच आहेत, काळजी करू नका. आणि आईला मी म्हणाले, "पट्टी लिही. तुझं आयुष्य गेलं त्या उंबऱ्याशी. मैदानाचं बघतील बाकीचे."

आईने माझ्याकडे बघितलं. "बरा," म्हणाली आणि परत तांदळात हात घातला.

चिठ्ठ्या फरसाणाच्या रिकाम्या डब्यात टाकल्या. सेक्रेटरीकाकांनी पारावर बसून मोजल्या. पट्टी अकरा मतांनी जिंकली. मिठाई कुणी वाटली नाही, एवढं मात्र आमच्या लोकांनी केलं.

सरांनी दुसऱ्या दिवशी काम सोडल्याचं पत्र मला सांगितलं, मी टाईप केलं. एका ओळीचं. 'आपला निर्णय मान्य, आराखडा माझ्याकडून होणार नाही.' त्यांनी सही केली आणि म्हणाले, "तुझ्याकडची मतं धरून मी मोजलं होतं. कुठेतरी चुकलं." त्यात टोचणं नव्हतं, हिशेब न जुळलेल्या माणसाचं कुतूहल होतं. पण मला ते असं लागलं की त्यांच्या समोर बसणं जड व्हायला लागलं. तीन वर्षं कशीबशी काढली, मग दुसरीकडे नोकरी धरली. परळच्या एका मोठ्या फर्ममध्ये. तिथे मी पोडियमवरच्या बागा काढते. कुठल्या झाडाला किती वीत माती लागते ते मला आता तोंडपाठ आहे.

आम्ही वडाळ्याच्या संक्रमण शिबिरात राहून परत आलो, चौदाव्या मजल्यावर. आईचा पलंग पट्टीत अगदी बरोबर बसला, भिंतीला लागून, डोक्याशी खिडकी. पिंपळ गेला. पोडियमवर पाटी आहे: चेंडू खेळण्यास मनाई. तिसऱ्या चाळीतली ती काकू आता दुपारी लिफ्टच्या बाहेरच्या बाकावर बसते, आणि वॉचमन तिला रोज उठवतो. मला हे दिसतं आणि मी कामाला निघून जाते.

वास्तुशांतीला मी सरांना पत्रिका पाठवली होती. आले नाहीत. महिन्याभराने एका दुपारी दारात उभे, एकटे. खूप वाळले होते. आईची धांदल उडाली. घावणे केले, चहा केला. सरांनी घर बघितलं, भिंती नाही, खिडक्या बघितल्या, आणि शेवटी पलंगापाशी येऊन थांबले.

"झोप लागते का इथे?" त्यांनी आईला विचारलं.

"लागता," आई म्हणाली. "पयले म्हयने लागा नाय. कोणाचो पाय लागात म्हणान मधीच जाग येय."

सरांनी मान हलवली. मग म्हणाले, "आई, मी तुमच्यापुढे पलंग की मैदान असं ठेवायला नको होतं. माझं चुकलं. तुम्ही पट्टीला मत दिलंत ते बरोबरच केलंत. हे सांगायला आलो."

आई चहाचा कप घेऊन उभी होती. "मी खंय दिलंय पट्टीक?" ती म्हणाली. "मी मैदानाक दिलंय."

मी वहिनीच्या मशीनपाशी उभी होते. मशीनचं चाक मी घट्ट धरलं होतं हे मला नंतर कळलं.

"मैदानाला?" सर म्हणाले.

"ह्या चेडू थंय मोठा झाला, सर. दोनय पोरा थंयच वाढली. धा बाय बाराच्या खोलयेत कोण मोठा होता?" आईने कप त्यांच्या हातात दिला. "पलंग काय, झोपाक होतो."

सरांनी कप तसाच धरला. मग त्यांचा चेहरा हळूहळू मोकळा होत गेला. माझ्याकडे वळले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं बघितलं नव्हतं. "लालबाग," म्हणाले, "हे तूच पटवलंस आईंना."

मी आईकडे बघितलं. आई माझ्याकडे बघत होती. तांदूळ निवडताना बघितलं होतं तसंच.

"होय," आई म्हणाली. "तिनाच सांगल्यान."

मी त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेले. बाहेर उभे राहून ते भिंतीला हात टेकून दम खात होते. म्हणाले, "मला इतकी वर्षं वाटत होतं की त्या मतदानात तूच माझी बाजू सोडलीस. ते एकच कळायला हवं होतं. आता बरं वाटलं." आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, जो त्यांनी आजवर कधी ठेवला नव्हता.

लिफ्ट आली. दार उघडलं. मी तोंड उघडलं, सगळं ओठांपर्यंत आलं होतं, आणि माझ्या तोंडून निघालं, "सावकाश जा, सर."